बंदुकीची नळी आणि कायद्याची पट्टी



बारामतीच्या न्यायालयात मी तीसहून अधिक वर्षं वकिली केली. चोरी, मारामारी, बांधावरून झालेली डोकेफोड अशी नेहमीची फौजदारी कामं चालवली. शस्त्रांच्या कायद्याखालचे खटलेही बरेच पाहिले. ‘एक गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त’ ही बातमी बारामती-इंदापूरकडच्या वाचकाला काही नवी नाही. पण कट्टा बेकायदा असतो हे तो बाळगणाऱ्यालाही ठाऊक असतं, त्यामुळे त्यात कायद्याचा गुंता फारसा नसतो. गुंता होतो तो वेगळ्याच ठिकाणी. घरात रीतसर परवान्याची बंदूक असते, बागेत पाखरं हुसकायची नळी असते, वाड्याच्या भिंतीवर पणजोबांचं हत्यार टांगलेलं असतं. कुणीतरी सोयीसाठी त्यात थोडा फेरफार करतं, आणि तेवढ्यानं त्या वस्तूचा कायद्यातला वर्ग बदलून जातो. करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आज त्याविषयी बोलायचं आहे. सुरुवात आमच्याच घरापासून करतो.

आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या काठाला. माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे, बारा बोअरची एकनळी बंदूक होती. परवाना शेतीच्या राखणीचा. काठच्या झाडोऱ्यातून रानडुकरं उसात शिरायची आणि एका रात्रीत दोन-चार गुंठे लोळवून जायची. अण्णांनी बंदूक चालवली असेल ती बहुतेक वेळा हवेत, आवाजासाठी. १९७४ च्या पावसाळ्यात नळीच्या तोंडात चिखल गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. बार काढला आणि नळी तोंडाकडून वीतभर फाटली. अण्णांच्या हाताला काही झालं नाही हे नशीब. दुसऱ्या दिवशी बंदूक गावातल्या लोहाराकडे गेली. त्यानं फाटलेल्या भागाच्या खाली दोन बोटं सोडून करवतीनं नळी कापली आणि कड कानशीनं घासून गुळगुळीत करून दिली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. नळी हलू नये म्हणून तिचं दुसरं टोक मी धरलं होतं. घरी येताना अण्णा म्हणाले, “बरं झालं, हलकी झाली.”

पुढे पस्तीस वर्षं ती बंदूक घरात राहिली. परवान्याच्या नूतनीकरणाला नंबर ताडून पाहिला जाई, शिक्का बसे. नळीला पट्टी कुणी लावली नाही. २००९ मध्ये अण्णा गेले. तेरावा झाल्यावर आई म्हणाली, “ती बंदूक आता घरात नको.” कायदाही तेच सांगतो. परवानाधारक वारला की घरच्यांचा त्या शस्त्रावरचा ताबा कायदेशीर राहत नाही. विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मी बंदूक आणि परवाना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो.

मुद्देमाल सांभाळणारे हवालदार जुने, अनुभवी होते. त्यांनी नंबर पाहिला, नळीवरून हात फिरवला आणि टोकाशी थांबले. “वकीलसाहेब, हिच्या टोकाला नेमाची माशी दिसत नाही.” मग त्यांनी टेप मागवली. साडेएकोणीस इंच भरले. “कोणी कापली?” त्यांनी विचारलं.

माझ्या जिभेवर जे उत्तर आलं ते सरळ वकिलाचं होतं: ‘मला माहीत नाही.’ अण्णा नव्हते, लोहार तर कधीच वारला होता, आणि तिसरा साक्षीदार मीच होतो. पण ते उत्तर तोंडातून निघेना. त्याला एक कारण होतं.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पक्षकार होता. साधा शेतकरी, घरी परवान्याची बंदूक. मोटारसायकलवरून वस्तीवर जाताना लांब नळी आडवी येते म्हणून त्यानं ती कापून घेतली. कुणाला धमकावलं नाही, कुणावर रोखली नाही. नाक्यावर तपासणीत सापडला. मला तो म्हणाला, “साहेब, बंदूक माझी, परवाना माझा, नळी माझी. मी चोरी कुठं केली?” मी न्यायालयात त्याच्या अजाणपणावर भर दिला. पण कायदा माहीत नव्हता हा बचाव होत नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्गातच शिकवतात. त्याला तीन वर्षांची शिक्षा लागली. त्या घराचे उसाचे हंगाम कसे गेले ते मी पाहिलं आहे.

आता त्याचा गुन्हा नेमका काय, हे समजायला कायद्याचे शब्द पाहावे लागतात.

इंग्रजांनी १८७८ मध्ये हिंदुस्थानासाठी शस्त्रांचा कायदा केला. स्वतंत्र भारतानं त्याच्या जागी १९५९ चा कायदा आणला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि आजही तोच चालतो. त्यात अग्निशस्त्राची व्याख्या अशी आहे, की स्फोटकाच्या किंवा अन्य कोणत्याही प्रकारच्या ऊर्जेच्या जोरावर कोणतीही वस्तू फेकण्यासाठी घडवलेलं, किंवा फेरफार करून तसं बनवलेलं, कोणत्याही वर्णनाचं शस्त्र. वाचताना वाटतं, यातून काहीच सुटणार नाही. अन्य ऊर्जा म्हटल्यावर जोंधळ्याच्या राखणीची गोफणसुद्धा आत येईल की काय! ती येत नाही, कारण शस्त्र या शब्दाच्या व्याख्येतच एक दार ठेवलं आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र नव्हेत. उदाहरण म्हणून कायद्यानं लाठी आणि साधी चालायची काठी यांची नावं घेतली आहेत. पण ‘साधी’ हा शब्द महत्त्वाचा. त्याच काठीच्या पोटात पातं बसवलं की ती गुप्ती होते, आणि नियमांच्या अनुसूचीत गुप्ती तलवारीच्या पंक्तीला बसते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही काठ्याच दिसतात.

म्हणजे कायदा प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारतो. ती कशासाठी घडवली? आणि नंतर तिचं काय केलं? आपण पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देत बसतो. ‘साहेब, ही शेतीसाठी घेतली होती.’ खटला मात्र दुसऱ्या प्रश्नावर उभा राहतो.

नळीचंच घ्या. आत आटे नसलेल्या साध्या नळीच्या बंदुकीला कायद्यानं वीस इंचांची रेघ आखून दिली आहे. संरक्षणासाठी किंवा शिकारीच्या खेळासाठी परवाना द्यायचा तर नळी निदान वीस इंच हवी. शेतीच्या राखणीसाठी मुळात ठासणीची बंदूकच पुरेशी मानली आहे. ती पुरणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर वीस इंचांची दुसरी. मोजायचं कुठून कुठवर हेही लिहून ठेवलं आहे: नळीच्या तोंडापासून बार जिथे उडतो त्या जागेपर्यंत. असल्या बारकाव्यामागे साधं कारण आहे. लांब बंदूक लपवता येत नाही. ती खांद्यावर असली की गावाला दिसते. तीच आखूड केली की घोंगडीत, पिशवीत, सदऱ्याखाली जाते. जगभरच्या कायद्यांनी हीच रेघ आपापल्या ठिकाणी ओढली आहे. अमेरिकेत छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी ती अठरा इंचांवर आहे, ब्रिटनमध्ये चोवीस इंचांवर.

पण इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेकांना वाटतं, नळी वीस इंचांपेक्षा जास्त उरली तर कापायला हरकत नाही. तसं नाही. कायद्याचं कलम सहा स्वतंत्रपणे सांगतं, की परवान्याशिवाय अग्निशस्त्राची नळी आखूड करायची नाही, आणि बंदुकीसारख्या दिसणाऱ्या नकली वस्तूचं खऱ्या अग्निशस्त्रात रूपांतर करायचं नाही. बंदुकीचा परवाना असणं वेगळं आणि ती कापण्याचा परवाना असणं वेगळं. दुरुस्ती करणाऱ्यालासुद्धा परवाना लागतो. आमच्या गावच्या लोहाराकडे विळे, कुऱ्हाडी आणि नांगराचे फाळ यायचे. बंदूक त्याच्या भात्यापाशी यायलाच नको होती. या कलमाखाली पूर्वी तीन ते सात वर्षं शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीनं ती किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप केली. माझा तो पक्षकार आज सापडला असता तर त्याची सात वर्षं गेली असती.

त्याच दुरुस्तीनं कलम सहामध्ये आणखी एक वाक्य घातलं. अग्निशस्त्र एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेणारं कोणतंही रूपांतर आता परवान्याशिवाय गुन्हा आहे. नळी कापणं आणि नकली पिस्तुलाचं खरं करणं, या दोन जुन्या युक्त्यांची नावं कायद्यात होतीच. पण माणसाचं डोकं तिसरी युक्ती काढतं, तेव्हा नावानिशी लिहिलेला कायदा मागे पडतो. याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगासमध्ये एका माणसानं संगीताच्या कार्यक्रमावर गोळीबार केला. त्यानं आपल्या रायफलींना ‘बंप स्टॉक’ नावाचे दस्ते बसवले होते. एकेक गोळी झाडणारी बंदूक त्या दस्त्यामुळे मशिनगनसारखी चालते. सरकारनं या दस्त्याला मशिनगन ठरवून बंदी घातली. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जून २०२४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी बंदी रद्द झाली. का? तिथल्या कायद्यात मशिनगन म्हणजे चापाच्या एकाच क्रियेत अनेक गोळ्या झाडणारी बंदूक. या दस्त्यात चाप प्रत्येक गोळीला नव्यानं दाबला जातो, म्हणून ती मशिनगन नव्हे, असं बहुमत म्हणालं. माणसं मेली त्यांना या फरकाचा काही उपयोग नव्हता. पण न्यायालय शब्दांना बांधलेलं असतं. आपली व्याख्याही चापावरच उभी आहे: चाप दाबला की तो सोडेपर्यंत किंवा गोळ्या संपेपर्यंत मारा चालू राहतो ते निषिद्ध शस्त्र. म्हणूनच रूपांतरालाच हात घालणारं २०१९ चं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं.

लास व्हेगास दूर आहे. आपल्या डाळिंबाच्या बागेत या. पाखरं आणि माकडं हुसकण्यासाठी प्लास्टिकच्या पाइपाची, कार्बाइडच्या गॅसवर दणका देणारी नळी शेतकरी वापरतात. मध्यंतरी इंदापूरकडचा एक तरुण बागायतदार मला विचारायला आला, “साहेब, हिला परवाना लागतो का?” प्रश्न चांगला होता, कारण तो वापरण्याआधी विचारला होता. मी त्याला सांगितलं ते असं. नळीतून फक्त आवाज निघतो तोवर फेकली जाणारी वस्तूच नाही, आणि हेतू शेतीचा आहे. त्यामुळे माझ्या मते ती अग्निशस्त्राच्या व्याख्येत बसत नाही. पण कुणी गंमत म्हणून तिच्यात खडा टाकला, की ‘कोणतीही वस्तू’ हे शब्द जागे होतात. मग ‘ही केवळ शेतीसाठी’ हे वाक्य सिद्ध करण्याचं ओझं तुझ्या वकिलावर येतं. शिवाय शस्त्र ठरो न ठरो, तिच्यामुळे कुणाला इजा झाली तर निष्काळजीपणाचा गुन्हा आहेच. आणि इजा होते. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळ आणि आसपासच्या शहरांत हीच नळी खेळणं म्हणून विकली गेली. शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यांत बहुतेक मुलं होती. नंतर बंदी आली. पाइप तोच होता. शेतातून तो मुलांच्या हातात गेला आणि सगळं बदललं. त्या तरुणानं पुढे काय केलं मला कळलं नाही. मी त्याला बागेवर जाळी टाक असं सांगितलं होतं.

वस्तू तीच, पण जागा बदलली की वर्ग बदलतो, याचं एक उदाहरण बारामती तालुक्यातच आहे. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य आकारानं लहान, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकाऱ्यांसाठी प्रसिद्ध. ठरावीक मर्यादेतल्या हवेच्या बंदुकीला शस्त्रांच्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. तिची ताकद वीस ज्यूलच्या आत असावी लागते. स्प्रिंग बदलून जोर वाढवला की ती सवलत संपते, हे एक. पण जोर न वाढवताही ती बंदूक घेऊन तुम्ही अभयारण्याच्या हद्दीत गेलात, तर वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. त्याची शस्त्राची व्याख्या वेगळी आहे. तिच्यात बंदुकीबरोबर धनुष्यबाण, जाळं, फास, सुरी, विष, प्राण्याला इजा करू शकणारं कोणतंही साधन येतं. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय ते आत नेता येत नाही. घरून निघताना जे निर्दोष होतं ते एका फलकापाशी गुन्ह्याचं साधन होतं. सहलीला पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी गाडीच्या डिकीत काय आहे ते पाहून घ्यावं.

आता भिंतीवरच्या हत्यारांचं. इंदापूर ही मालोजीराजांची जहागीर. आमच्या भागातल्या जुन्या घरांत एखादी ठासणीची बंदूक, एखादी तोड्याची नळी निघते. ‘गंजलीय, कशाला परवाना?’ असं घरचे म्हणतात. कायदा इथे तिसरा प्रश्न विचारतो: ती चालू शकेल का? आज चालते का, एवढंच तो पाहत नाही. दुरुस्त करून चालेल का, हेही पाहतो. जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तूच्या मोलाचं किंवा मोडकं हत्यार दुरुस्त करूनही चालणार नसेल तर सूट आहे. पण ते चालणार नाही हे ठरवायचं काम आपलं नाही, तज्ज्ञाचं आहे. त्यामुळे असं हत्यार निघालं तर लपवू नका, विकू नका, आणि मुख्य म्हणजे हौसेनं दुरुस्त करायला जाऊ नका. ते साफ करून चालतं केलंत, की आपल्या हातानं सूट घालवलीत. अर्ज करून लेखी विचारा आणि उत्तराचा कागद जपून ठेवा.

तर पोलीस ठाण्यातली ती सकाळ. “कोणी कापली?” हा प्रश्न अजून टेबलावर होता. मला तो पक्षकार आठवला. त्याला मी ‘खरं सांग, न्यायालय खऱ्याची कदर करतं’ असं सांगितलं होतं. त्यानं खरं सांगितलं आणि आत गेला. आणि मी, ज्याला प्रत्येक कलम पाठ होतं, त्या बंदुकीखाली पंचवीस वर्षं सुट्टीला येऊन झोपलो होतो. वकील झाल्यावर एकदाही माझ्या मनात आलं नाही की ती नळी मोजावी. खरं तर मनात आलं होतं. मी मोजली नाही, कारण मोजली असती तर अण्णांना सांगावं लागलं असतं.

मी जबाब लिहून दिला. १९७४ साली नळी फाटल्यामुळे वडिलांनी ती गावातल्या लोहाराकडून कापून घेतली, त्या वेळी मी हजर होतो, असं त्यात लिहिलं. हवालदारांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “सही करा.” कापणारे दोघंही हयात नव्हते, मी तेव्हा लहान होतो, चौकशी झाली आणि प्रकरण तिथेच थांबलं. वारस म्हणून परवाना मागण्याचा प्रश्नच नव्हता. बंदूक सरकारजमा होऊन पुढे नष्ट झाली.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, “माणूस जाऊन महिना नाही झाला, आणि तू त्यांचं नाव पोलिसांच्या कागदावर घातलंस?” चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्याकडे तिला द्यायला कायद्याचं उत्तर होतं, पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. अण्णा गुन्हेगार नव्हते. त्यांनी फाटलेली नळी कापली, जसा कुणीही फाटलेला पाइप कापील. त्यांना एवढंच ठाऊक नव्हतं, की बंदुकीला कायद्याच्या नजरेत पाइपासारखं वागवता येत नाही. आणि ज्याला ते ठाऊक होतं तो त्यांचा मुलगा गप्प बसला.

म्हणून श्रोत्यांना एवढंच सांगतो. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांनी ती आजच नीट पाहावी. नळी, दस्ता, चाप, काहीही मूळच्यापेक्षा वेगळं दिसलं, तर कुणाच्या डोळ्यांत येण्याआधी चांगल्या वकिलाचा सल्ला घ्यावा आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवावं. दुरुस्ती लागली तर ती परवानाधारक कारागिराकडेच करावी आणि पावती ठेवावी. घरातला परवानाधारक गेला तर तेराव्याची वाट पाहत बसू नये. मी बसलो ते चूकच होतं. आणि घरात कुणी वकील, पोलीस, शिक्षक, शिकलेलं माणूस असेल, तर त्यानं वडीलधाऱ्यांना विचारायला संकोच करू नये. करवत चालवण्याआधी विचारलेल्या प्रश्नाला दोन मिनिटं लागतात. नंतर विचारलेल्या प्रश्नाला तारखा पडतात.



(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)